केबल काढण्याआधी टीव्हीच्या मागे डोकावा: नागपूरच्या घरांसाठी स्ट्रीमिंग स्टिकची पारख

बर्डीवरच्या दुकानात स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचून इंटरनेटवरून चॅनलं आणि सिनेमे दाखवणारी छोटी कांडी, मागितली की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "एचडी देऊ की ४के?" त्याचं उत्तर देण्याआधी घरी दोन गोष्टी बघून यायला हव्यात. संध्याकाळी सात ते दहा घरातला टीव्ही कोणत्या चॅनलवर असतो, ही पहिली. टीव्हीच्या पाठीमागे जागा किती, पोर्ट कोणते आणि तिथे तापतं किती, ही दुसरी. आपल्याकडे स्टिकचा प्रोसेसर क्वचितच कमी पडतो. ती मे महिन्यात भिंतीला चिकटलेल्या टीव्हीमागे भाजून निघते, नाहीतर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर अर्धपोटी चालवली जाते. मग सहा महिन्यांत "कंपनीच भंगार आहे" असा निकाल लागतो.

आधी चॅनलांचं बोलू. मराठी घराचा हिशोब जरा किचकट आहे, कारण आपली चॅनलं चार-पाच अ‍ॅपांत विखुरलीत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. डीडी सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्ह्ज अ‍ॅप आहे, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. बातम्यांचं काम सोपं: एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी, साम टीव्ही हे यूट्यूबवर फुकटात थेट दिसतात. मारबतीची मिरवणूकसुद्धा आता यूट्यूबवर सापडते, त्यासाठी गावातल्या केबल चॅनलची वाट बघावी लागत नाही. पण घरात प्रवाह आणि झी दोन्ही लागत असतील, तर दोन सबस्क्रिप्शनं धरूनच चाला.

इथे एक फसगत नेहमी होते. मोबाइल रिचार्जसोबत आलेलं सबस्क्रिप्शन टीव्हीवर चालेल असं गृहीत धरलं जातं. जिओहॉटस्टारचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅनही नाही. नेटफ्लिक्सच्या १९९ च्या प्लॅनमध्ये चित्र ७२०पी पर्यंतच येतं, ४९९ मध्ये १०८०पी, आणि ४के फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये. म्हणजे १९९ चा प्लॅन ठेवून ४के स्टिक घेतली, तर नेटफ्लिक्सपुरती ती शोभेचीच. अ‍ॅमेझॉन प्राइमने जानेवारी २०२५ पासून एका खात्यावर दोनच टीव्ही ठेवलेत आणि त्याच वर्षीच्या जूनपासून मध्ये जाहिराती सुरू केल्यात. एक खातं घरी, सासरी आणि पुण्याला शिकणाऱ्या पोराकडे असं तिहेरी वाटलेलं असेल, तर तिसरा टीव्ही अडकणार.

पैसे वाचतात का? घरात फायबर आधीच असेल तर बहुधा हो. निव्वळ टीव्हीसाठी नवं इंटरनेट घ्यायचं असेल तर बहुधा नाही. केबलच्या बिलात नेटवर्क कपॅसिटी फी (जोडणीचं महिन्याचं भाडं), चॅनलांचे पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. ही फी पूर्वी १३० रुपयांवर बांधलेली होती, ते बंधन ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जुलै २०२४ मध्ये काढलं. तुमचं महिन्याचं बिल बाराने गुणा आणि दोन-तीन अ‍ॅपांच्या वार्षिक प्लॅनशेजारी ठेवून बघा. चार मराठी मालिकांपलीकडे काही बघत नसलेल्या घराला केबल आजही स्वस्त पडू शकते, हे कबूल करायला हरकत नाही. आणि इंटरनेटच नसेल तर डीडी फ्री डिशची छत्री हा सरळ मार्ग आहे: एकदा डिश आणि डबा घेतला की महिन्याला एक रुपया नाही. नावाजलेली खासगी मनोरंजन चॅनलं मात्र त्यावर सगळी सापडणार नाहीत.

आता प्रत्यक्ष वस्तू.

अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एचडी ही सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारी. रॅम १ जीबी, साठवण ८ जीबी, चित्र १०८०पी. ३२ इंची टीव्ही, एकच मुख्य अ‍ॅप आणि यूट्यूब, एवढंच असेल तर ती चालते. पण जिओहॉटस्टारवरून झी५ वर, तिथून यूट्यूबवर अशा उड्या मारणाऱ्या घरात ती दर वेळी अ‍ॅप पहिल्यापासून उघडते आणि रिमोट हातात धरून बसावं लागतं. त्याचं कारण १ जीबी रॅम. मागचं अ‍ॅप मेमरीत धरून ठेवायला जागाच नसते.

फायर टीव्ही स्टिक ४के मध्ये रॅम २ जीबी आहे, वाय-फाय ६ आहे, उठावदार चित्र आणि भोवती फिरणाऱ्या आवाजासाठी डॉल्बी व्हिजन आणि अ‍ॅटमॉस आहे. टीव्ही फुल एचडीच असला तरी आमचं मत याच बाजूने. ४के चित्रासाठी नव्हे, त्या जास्तीच्या एका जीबीसाठी. फरकाचे पैसे रोज रिमोट दाबताना वसूल होतात. साठवण इथेही ८ जीबीच, तेव्हा गेम आणि न लागणारी अ‍ॅपं भरत बसू नका.

२०२५ मध्ये आलेली फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट नाव सारखं असल्याने घोळ करते. ती ४के दाखवते, पण रॅम १ जीबी, डॉल्बी व्हिजन नाही, आणि आत अँड्रॉइडवर बेतलेली जुनी प्रणाली नसून अ‍ॅमेझॉनची नवी वेगा प्रणाली आहे. तिच्यात बाहेरून फाइल आणून अ‍ॅप टाकता येत नाही. मोठी अ‍ॅपं मिळतात, पण गावच्या केबलवाल्याचं किंवा एखाद्या छोट्या मराठी चॅनलचं अ‍ॅप हवं असेल तर ते तिच्या स्टोअरमध्ये आहे का हे आधी तपासा. खोक्यावर "सिलेक्ट" हा शब्द आहे की नाही, हे पैसे देण्याआधी वाचा. दुकानदार कधी कधी "४केच आहे ना" म्हणून हातात ठेवतो.

गूगल टीव्हीच्या बाजूला परिस्थिती विचित्र आहे. क्रोमकास्ट विथ गूगल टीव्ही ही चांगली वस्तू भारतात २०२२ मध्ये आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्टचं उत्पादनच थांबवलं. त्याच्या जागी आलेला गूगल टीव्ही स्ट्रीमर भारतात अधिकृतपणे विकायला आला नाही. म्हणून क्रोमकास्टचा पडून राहिलेला माल कुणी पूर्ण किमतीला देत असेल तर नको. शाओमीच्या टीव्ही स्टिक ४के मध्ये २ जीबी रॅम आणि अँड्रॉइड टीव्ही ११ आहे. ज्यांना प्ले स्टोअर हवं, फोनवरून टीव्हीवर पाठवायची सवय आहे आणि मुख्य पडद्यावर एकाच कंपनीच्या मालाची जाहिरात नको, त्यांना ही बरी. गूगल टीव्हीच्या उपकरणांत "फक्त अ‍ॅप्स" असा मोड असतो. तो चालू केला की शिफारशींच्या रांगा गायब होतात आणि पडदा एकदम शांत होतो. घरात वयस्क माणसं असतील तर हा मोड सोन्यासारखा आहे.

अ‍ॅपल टीव्ही ४के, म्हणजे २०२२ चा तिसऱ्या पिढीचा डबा, भारतात १४,९०० रुपयांना आला. लॅनचं, म्हणजे वायरीने इंटरनेट जोडायचं, पोर्ट हवं तर १२८ जीबीचा, १६,९०० ला. वेगाच्या बाबतीत वरच्यांपैकी कुणी त्याच्या आसपास नाही, आणि पडदाभर जाहिराती नाहीत. घरात आयफोन असेल आणि बजेटची अडचण नसेल तर घ्या. पण मालिका आणि बातम्या एवढ्यासाठी हा खर्च म्हणजे दूध आणायला कार काढणं.

फायबर कंपनीचा फुकट मिळणारा डबा विसरू नका. प्लॅनमध्ये डबा आणि अ‍ॅपं दोन्ही येत असतील तर आधी तोच लावून बघा. अट एवढीच, की कंपनी बदलली की डबा परत जातो किंवा निकामी होतो. अमेरिकन परीक्षणांत रोकूची स्तुती वाचून तिकडून कुणाच्या बॅगेतून मागवू नका. भारतात त्याची अधिकृत विक्री नाही आणि आपली अ‍ॅपं त्यावर मिळतील याचा भरवसा नाही.

आणि तो "आयुष्यभर सगळी चॅनलं फुकट" वाला बिननावाचा काळा डबा. त्याला घरात घेऊच नये. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच स्वस्त डब्यात कारखान्यातूनच व्हायरस भरून आल्याचं उघड झालं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला: असे डबे घरच्या इंटरनेटचा वापर दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी करू देतात. त्याच वाय-फायवर तुमचं बँकेचं अ‍ॅपही असतं. शिवाय हे डबे पैसे भरलेल्या अ‍ॅपांतही चित्र खराबच दाखवतात. वाइडव्हाइन नावाचं कुलूप असतं, त्याची एल१ पातळी असेल तरच नेटफ्लिक्स आणि प्राइम एचडी देतात. एल३ असेल तर ४८०पी वर अडकवतात. खोक्यावर "८के" छापलेलं असतं आणि पडद्यावर जुन्या सीडीसारखं धूसर चित्र, ते यामुळे. आधीच घेतला असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये "अबाउट" उघडा. तिथे गूगलच्या प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र नसेल तर तो वाय-फायवरून काढा.

आता टीव्हीच्या मागे चला, मोबाइलचा टॉर्च घेऊन. भिंतीवर ठोकलेल्या ४३ इंची टीव्हीच्या मागे साधारण दोन बोटं फट असते. एचडीएमआयची पोर्टं बाजूला असतील तर ठीक, पण कित्येक टीव्हींत एखादं पोर्ट मागच्या बाजूला थेट भिंतीकडे तोंड करून असतं. तिथे स्टिक सरळ जात नाही. वाकवून घुसवली तर पोर्टच सैल होतं आणि मग हात लागला की चित्र जातं. यावर उपाय खोक्यातच असतो. फायर स्टिकसोबत एक बोटभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेंडर वायर येते. लोक ती "एक्स्ट्रा" समजून ड्रॉवरमध्ये टाकतात. ती लावा. पोर्टावरचा ताण जातो, स्टिक टीव्हीच्या गरम पाठीपासून सुटी लोंबते, आणि टीव्हीच्या मागच्या धातूच्या पत्र्यापासून दूर गेल्यामुळे वाय-फायही जरा बरं पकडतं. एका फुकटच्या वायरीने तीन कामं होतात.

उन्हाचं प्रकरण नागपुरात गंभीरच आहे. अशा उपकरणांचं डिझाइन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतं. अ‍ॅपलने तर आपल्या डब्यासाठी ० ते ३५ अंश असं कागदावर लिहूनच दिलंय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असताना पश्चिमेच्या भिंतीची खोली कूलरविना संध्याकाळी ३८-४० सहज होते. त्यात टीव्हीच्या पाठीची उष्णता मिळवा. स्टिकला पंखा नसतो. तापली की ती स्वतःचा वेग कमी करते, मग चित्र अडखळतं, मग अ‍ॅप बंद पडतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी दोन ते पाच स्टिक चालवायचीच असेल तर टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवरून हलवणं हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर एक फुटी एचडीएमआय एक्स्टेंशन घेऊन स्टिक टीव्हीच्या खालून बाहेर, कूलरच्या हवेच्या वाटेत आणा. वाटेत म्हणजे वाऱ्याच्या झोतात, पाण्याच्या शिंतोड्यांत नाही. खसचा ओला दमटपणा अ‍ॅडॉप्टरवर बसू देऊ नका.

दुसरी चूक विजेची. स्टिकसोबत ५ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर येतो. भिंतीवर वायर दिसू नये म्हणून बसवणारा पोरगा ती टीव्हीच्या यूएसबीत खोचून जातो. यूएसबी २.० च्या पोर्टातून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो. मेनू बघेपर्यंत काही कळत नाही. व्हिडिओ सुरू झाला, वाय-फाय आणि प्रोसेसर दोघांनी एकदम वीज मागितली, की स्टिक बंद पडून पुन्हा लोगोवर येते. शिवाय टीव्ही बंद केला की हा पोर्टही बंद, म्हणजे रोज संध्याकाळी स्टिक पहिल्यापासून सुरू होणार आणि रात्री आपोआप होणारं अपडेट कधीच पुरं होणार नाही. खोक्यातला अ‍ॅडॉप्टर आणि खोक्यातलीच वायर वापरा. जुन्या मोबाइलची बारीक, लांब वायर मध्येच वीज खाते.

बिघाड ओळखायचा एक साधा ठोकताळा. सुरू होताच किंवा अ‍ॅप उघडताच रीस्टार्ट होत असेल तर वीज. तासाभराने, तेही दुपारीच, अडखळत असेल तर उष्णता. मेनू झकास फिरतो पण व्हिडिओ धूसर होऊन गोल गोल फिरतो, तर इंटरनेट. मेनूच जड झाला असेल तर साठवण भरली आहे. फायर टीव्हीत सेटिंग्ज, अ‍ॅप्लिकेशन्स, मॅनेज इन्स्टॉल्ड अ‍ॅप्लिकेशन्समध्ये जाऊन एकेका अ‍ॅपचा कॅशे, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ करा. "क्लिअर डेटा" दाबू नका, नाहीतर पुन्हा लॉगिन करावं लागेल. रिमोटवरची मधली गोल कळ आणि प्ले कळ एकत्र पाच सेकंद धरली की स्टिक रीस्टार्ट होते. रिमोट मुका झाला असेल तर सेल बदला आणि होम कळ दहा सेकंद धरून ठेवा, तो पुन्हा जुळतो.

वाय-फायबाबत भागाभागात फरक आहे. महाल-इतवारीच्या जुन्या घरांत जाड विटांच्या भिंती. पुढच्या खोलीतल्या राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मागच्या खोलीत पोचेपर्यंत जीव टाकतो. तिथे २.४ गिगाहर्ट्झ बरा. बेसा, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये उलटं: भिंती पातळ, पण शेजाऱ्यांची पंधरा-वीस वाय-फायं २.४ वर एकमेकांत घुसलेली. तिथे ५ गिगाहर्ट्झच हवा. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे स्टिक नेमकी कशावर आहे ते कळेल. २.४ वापरायचाच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर फायर स्टिकसाठी लॅनचा अ‍ॅडॉप्टर मिळतो. त्याचा वेग १०० एमबीपीएसपर्यंतच आहे, पण तेवढा रगड. नेटफ्लिक्स स्वतः १०८०पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. म्हणजे ३०-४० एमबीपीएसच्या प्लॅनवरही दोन टीव्ही सुखाने चालावेत. अडखळत असतील तर प्लॅन वाढवण्याआधी राउटरची जागा बदला.

डेटाची मर्यादा मात्र बघा. नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत जातात. दिवसाला सहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात एचडीवर महिन्याला साधारण ५४० जीबी, ४के वर १,२६० जीबी. फायबरच्या "अनलिमिटेड" प्लॅनची मर्यादा साधारण ३,३०० जीबी असते, त्यामुळे चिंता नाही. पण छतावर अँटेना लावून मिळणाऱ्या एअरफायबरवर ती १,००० जीबी असते. ४के बघणारं घर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रांगायला लागेल. फायर टीव्हीच्या प्रेफरन्सेसमध्ये डेटा मॉनिटरिंग आहे, तिथे चित्राचा दर्जा कमी करून ठेवता येतो.

वीज गेली तर? टीव्ही आणि स्टिक इन्व्हर्टरवर असतात, राउटर राहून जातो. फायबरवाल्याचा डबा दाराजवळ ज्या प्लगवर आहे तो इन्व्हर्टरच्या लाइनवर आणा, किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्याला जोडा. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच यूपीएस घ्या. मान्सूनआधीच्या वादळात वीज झटके देत येते-जाते, तेव्हा स्टिकचा अ‍ॅडॉप्टर सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीवर असलेला बरा.

टीव्ही ४के असूनही स्टिक "१०८०पी" च दाखवते, ही तक्रार २०१५ ते २०१८ च्या दरम्यानच्या टीव्हींवर फार येते. ४के साठी पोर्टाला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) लागतं आणि त्या काळातल्या टीव्हींत ते एका-दोन पोर्टांनाच असतं. पोर्ट बदलून बघा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा पूर्ण सिग्नल उघडा. सॅमसंगमध्ये त्याला एचडीएमआय यूएचडी कलर किंवा इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीत एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमधलं एनहान्स्ड. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जुन्या डब्बा टीव्हीसाठी कन्व्हर्टर मिळतो, पण त्यावर अक्षरं वाचता येत नाहीत आणि काही अ‍ॅपं एचडीसीपीचं कारण देऊन चालतच नाहीत. त्या टीव्हीला फ्री डिशच शोभते.

आवाज. उन्हाळ्यात कूलर घोंघावत असतो आणि संवाद कळत नाहीत, मग आवाज ४० वर जातो आणि जाहिरात लागली की शेजारी जागे. अनेक सिनेमे ५.१ मध्ये येतात. त्यात बोलणं मधल्या स्पीकरसाठी असतं आणि टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत ते दबतं. फायर टीव्हीत डिस्प्ले अँड साउंड्स, ऑडिओ, सराउंड साउंड इथे जाऊन पीसीएम, म्हणजे साधा दोन स्पीकरांचा आवाज, निवडा. साउंडबार आहे आणि एखाद्याच अ‍ॅपमध्ये आवाज येतच नाही, तेव्हाही पहिला उपाय हाच. त्याउपरही ऐकू येत नसेल तर ब्लूटूथ हेडफोन थेट स्टिकला जोडता येतो, कूलरही चालू आणि आजोबांच्या बातम्याही चालू.

आजोबांवरून आठवलं, रिमोट. केबलच्या रिमोटवर आकडे असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना चॅनलचे नंबर पाठ असतात. स्टिकच्या रिमोटवर आकडे नाहीत. केबल काढल्यावर घरात जे भांडण होतं ते याच कारणाने होतं, चित्राच्या दर्जावरून नाही. पहिल्याच दिवशी हे करा: नको असलेली अ‍ॅपं काढा, मग प्रत्येक हव्या अ‍ॅपवर थांबून तीन रेघांची कळ दाबा आणि "मूव्ह टू फ्रंट" ने क्रम लावा. पहिलं मालिकांचं अ‍ॅप, दुसरं यूट्यूब, बाकी मागे. प्रेफरन्सेसमधल्या फीचर्ड कंटेंटमध्ये आपोआप वाजणारे व्हिडिओ बंद करा, नाहीतर टीव्ही लावताच कुठला तरी ट्रेलर गर्जना करतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा (सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक). मग स्टिकची होम कळ दाबली की टीव्ही आपणच सुरू होऊन बरोबर पोर्टावर येतो. टीव्हीचा मूळ रिमोट उचलून कपाटात ठेवा. दोन रिमोट समोर असले की चुकीचाच दाबला जातो.

लॉगिन करताना पडद्यावर कोड येतो, तो फोनवर टाकायचा असतो. हे पूर्ण फुकट आहे. गूगलवर "अ‍ॅक्टिव्हेशन नंबर" शोधून कुणाला फोन केलात आणि तो "हजार रुपये भरा" म्हणाला, तर तो चोर आहे, फोन ठेवा.

क्रिकेटवाल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण केबल किंवा डिशच्या मागे असतं, कधी कधी अर्धा मिनिटही. जामठ्याला सामना असला आणि शेजारी केबल असली, तर तुमच्या पडद्यावर बॉलर अजून धावतच असतो आणि भिंतीपलीकडे विकेट पडलेली असते. सेटिंगने हे जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्यूट करणं एवढंच हातात आहे.

खरेदीच्या वेळी दुकानातच स्टिक टीव्हीला लावून दाखवायला सांगा आणि सेटिंग्जमधल्या "अबाउट" मध्ये मॉडेलचं नाव खोक्याशी जुळतं का ते बघा. वापरलेली घेत असाल तर आधीच्या मालकाने स्वतःचं खातं तुमच्यासमोर काढलं पाहिजे, नाहीतर त्याच्या खात्यातून खरेदीची भानगड तुमच्या गळ्यात. बिल आणि खोकं वर्षभर जपा, वॉरंटी साधारण तेवढीच असते. घेताना मुहूर्त बघायचा असेल तर उन्हाळाच बघा. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत एका दुपारी तीन वाजता, कूलर बंद करून, सलग दोन तास एखादा सिनेमा लावून ठेवा. आणि केबलवाल्याला डबा परत नेण्याचा निरोप त्यानंतर एक महिन्याने द्या, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाने नवा रिमोट स्वतःहून उचललेला बघितल्यावर.